आधी कॉइल, मग ॲम्प्लिफायर: मोटारीत सबवूफर कसा जोडावा

जळगाव, धुळे, भुसावळ यांसारख्या शहरांत गाडीला सबवूफर, म्हणजे खालच्या, घुमणाऱ्या स्वरांचा स्पीकर, बसवून घेणारे बरेच जण ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा पाहून खरेदी ठरवतात, आणि वूफरची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, किती ओहमची (ओहम हे विद्युत रोधाचे माप) आहे हा प्रश्न पैसे देऊन झाल्यावर, जोडणीच्या वेळी पुढे येतो. हा क्रम उलटा करावा. वूफरला कॉइल किती व कशा आहेत, त्या जोडल्यावर एकूण किती ओहम होतात आणि तेवढ्या ओहमला ॲम्प्लिफायर सलग किती वॉट देतो, हे तीन हिशेब कागदावर जुळले की पुढचे काम नीट वायरिंग करण्याचे उरते. खानदेशात हा हिशेब अधिकच सांभाळावा लागतो, कारण मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आतले तापमान त्याहून कितीतरी वर चढते, आणि क्षमतेच्या काठावर चालणारा ॲम्प्लिफायर याच दिवसांत सर्वांत आधी बंद पडतो.

ओहमचा हिशेब

वूफरच्या चुंबकावरील लेबल वाचावे. त्यावर ‘४ ओहम’ असे एकच मूल्य असेल, तर तो एका कॉइलचा वूफर आहे. ‘४+४’ किंवा ‘२+२’ असे असेल, तर त्याला दोन स्वतंत्र कॉइल असून जोडटोकांच्याही दोन जोड्या असतात. लेबल पुसले गेले असल्यास मल्टिमीटरने प्रत्येक कॉइल वेगळी मोजावी. मीटरवरचे वाचन छापील मूल्यापेक्षा थोडे कमी येते. ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.७ दाखवते आणि तो दोष नसतो.

दोन कॉइल एकसर, म्हणजे सिरीजमध्ये जोडायच्या असतील, तर पहिल्या कॉइलचे धन टोक ॲम्प्लिफायरच्या धन टोकाला, पहिलीचे ऋण टोक दुसरीच्या धन टोकाला आणि दुसरीचे ऋण टोक ॲम्प्लिफायरच्या ऋण टोकाला न्यावे; येथे ओहमची बेरीज होते, म्हणून ४+४ चे ८ होतात. समांतर, म्हणजे पॅरलल जोडणीत दोन्ही धन टोके एकत्र आणि दोन्ही ऋण टोके एकत्र येतात. सारख्या दोन कॉइलचे ओहम तेव्हा निम्मे होतात, म्हणून ४+४ चे २ आणि २+२ चा १ होतो. दोनपैकी एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडू नये, कारण त्यामुळे वूफरचे गुणधर्म बदलतात व त्याची ताकदही पुरती मिळत नाही.

यातून खरेदीचा एक सोपा नियम निघतो, आणि दुकानात तो क्वचितच कोणी समजावून सांगते. एकच वूफर बसवायचा असेल, तर ४+४ ओहमचा घ्यावा. त्याच्या कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम मिळतात. दोन वूफर बसवायचे असतील, तर २+२ ओहमचे घ्यावेत. प्रत्येकाच्या कॉइल एकसर जोडून ४ ओहम करावेत आणि मग दोन्ही वूफर समांतर जोडावेत, म्हणजे पुन्हा २ ओहमच येतात. याउलट ४+४ चे दोन वूफर घेतले, तर १ किंवा ४ ओहमवर समाधान मानावे लागते. दोन्ही वूफर एकाच नमुन्याचे असणे आवश्यक आहे. वेगवेगळ्या ओहमचे वूफर एकत्र जोडले, तर त्यांच्यात शक्तीची वाटणी असमान होते आणि एकावर भार पडतो.

२ ओहमचा आग्रह धरण्याचे कारण उष्णता हेच आहे. ओहम जितके कमी, तितका प्रवाह जास्त, आणि प्रवाह वाढला की ॲम्प्लिफायरमध्ये वाया जाणारी उष्णताही वाढते. १ ओहमवर चालणारे ॲम्प्लिफायर मिळतात व ते अधिक वॉटही देतात, परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात, दुपारी चाळीसगावहून धुळ्याकडे जाताना, १ ओहमवर मिळणाऱ्या जास्तीच्या आवाजापेक्षा २ ओहमवर थंड राहणारे यंत्र मला अधिक मोलाचे वाटते.

ॲम्प्लिफायर निवडताना

खोक्यावरचा ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ आकडा बाजूला ठेवून माहितीपत्रकातील आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॉट पाहावेत, तेही आपल्या जोडणीच्या ओहमसमोर लिहिलेले. समजा वूफर ३०० वॉट आरएमएसचा असून तो २ ओहमवर जोडला जाणार आहे. तर २ ओहमवर ३०० ते ३५० वॉट आरएमएस देणारा मोनोब्लॉक, म्हणजे एका चॅनेलचा ॲम्प्लिफायर त्याला साजेसा आहे. कमी ताकदीचा ॲम्प्लिफायर सुरक्षित असतो, ही समजूत पुरती खरी नाही. आवाज पुरेना म्हणून तो ताणून वाजवला, की ध्वनितरंगाचे माथे कापले जातात, याला क्लिपिंग म्हणतात, आणि असा आवाज सतत वाजत राहिला तर कॉइल तापून जळू शकते. लग्नसराईत वाजणाऱ्या अहिराणी गाण्यांच्या डीजे मिश्रणांत बेस जवळजवळ अखंड असतो. तेथे ॲम्प्लिफायरला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही, म्हणून थोडी ताकद शिलकीत ठेवावी.

दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र करून एकाच वूफरला वापरणार असाल, तर प्रत्येक चॅनेलला वूफरच्या निम्मेच ओहम दिसतात, हे ध्यानात ठेवावे. बहुतेक यंत्रांत ब्रिजसाठी किमान ४ ओहम लागतात. तेथे २ ओहमचा वूफर जोडू नये.

ॲम्प्लिफायरच्या आतल्या रचनेचे क्लास डी, क्लास एबी असे प्रकार असतात; सबवूफरसाठी क्लास डी निवडावा. ५०० वॉट देणारा क्लास डी ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर तो ६२५ वॉट घेतो, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर. क्लास एबी ५५ टक्के धरला, तर त्याच आवाजासाठी सुमारे ६६ अँपिअर लागतात आणि मधला सगळा फरक उष्णता होऊन डिकीत साचतो. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरला दिवे, पंखा आणि एसीही सांभाळायचे असतात, म्हणून हा आकडा आधी काढून पाहावा.

वायर, फ्यूज आणि ग्राउंड

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. बॅटरीपासून डिकीपर्यंत साधारण ५ मीटर वायर लागते. ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर ४५ अँपिअरला तेवढ्या अंतरात ०.२ व्होल्टच्या आसपास गमावते, तर ८ गेजची जवळजवळ अर्धा व्होल्ट गमावते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही तांब्याची म्हणून विकली जाते; एक तार ब्लेडने खरवडून पाहावी, आतून पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची समजावी व एक माप जाड घ्यावी.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. हा फ्यूज ॲम्प्लिफायरच्या नव्हे तर वायरच्या रक्षणासाठी असतो. वायर कोठे घासून चासीला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला टेकली तर आग लागू नये, एवढेच त्याचे काम आहे आणि ते अत्यंत महत्त्वाचे आहे. वरच्या ५०० वॉटच्या उदाहरणात ४ गेजच्या वायरला ६० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय पुढे जाऊ नये. सीएनजी गाडीत टाकी व तिच्या नळ्या कोठून गेल्या आहेत, हे पाहिल्याशिवाय ड्रिल हाती घेऊ नये.

ग्राउंडची, म्हणजे ॲम्प्लिफायरचे ऋण टोक चासीला जोडणारी वायर पॉवर वायरइतकीच जाड, पण अर्ध्या मीटरहून आखूड असावी. तिच्यासाठी चासीचा रंग खरवडून धातू उघडा करावा, वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूची कडी, दाबून बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये. स्टिरिओचा ध्वनिसंदेश ॲम्प्लिफायरपर्यंत नेणारी आरसीए वायर गाडीच्या एका बाजूने, तर पॉवर वायर दुसऱ्या बाजूने न्यावी, म्हणजे इंजिनाची घरघर स्पीकरमध्ये उतरत नाही. स्टिरिओबरोबर ॲम्प्लिफायर सुरू-बंद करणारी निळी रिमोट वायर स्टिरिओच्या रिमोट टोकाला जोडावी. कंपनीचा मूळ स्टिरिओ असेल आणि त्याला आरसीए नसेल, तर हाय-लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्या वायरमधूनच संदेश घेण्याची सोय असलेला ॲम्प्लिफायर घ्यावा.

ॲम्प्लिफायर वूफरच्या पेटीवर ठोकू नये, कारण तेथील कंपनांनी आतले सोल्डर सुटू शकतात. मागच्या सीटच्या पाठीला लाकडी फळी बसवून, भोवती हवा खेळेल अशा रीतीने तो लावावा, आणि त्याच्यावर सामान रचू नये.

वाजवण्यापूर्वीचे समायोजन

वूफर जोडण्याआधी लहान सेलने कॉइलची दिशा तपासावी. सेलचे धन टोक कॉइलच्या धन टोकाला लावले, की पडदा बाहेर यायला हवा. दोन वूफरपैकी एक उलटा जोडला गेला, तर दोघे एकमेकांचा बेस मारून टाकतात. जोडणी झाल्यावर ॲम्प्लिफायरच्या बाजूची दोन्ही टोके मीटरने मोजावीत; २ ओहमच्या जोडणीला वाचन १.६ ते १.९ च्या दरम्यान यावे.

ॲम्प्लिफायरवरील गेन हे आवाज वाढवण्याचे बटण नाही. स्टिरिओच्या संदेशाशी ॲम्प्लिफायर जुळवण्याचे ते साधन आहे. वूफरच्या वायर काढून ठेवाव्यात, बेस बूस्ट बंद करावा, लो पास फिल्टर, म्हणजे ठरावीक मर्यादेवरचे उंच स्वर गाळणारे बटण, ८० हर्ट्झवर ठेवावा आणि स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून ५० हर्ट्झचा अखंड स्वर लावावा. वॉट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे अपेक्षित व्होल्ट. ३०० वॉट व २ ओहमसाठी हे उत्तर सुमारे २४.५ व्होल्ट येते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून हा आकडा दिसेपर्यंत गेन हळूहळू फिरवावा व तेथेच थांबावे.

पंधरा दिवसांनी सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत आणि तासभर वाजवून फ्यूजच्या घराला हात लावून पाहावा. ते गरम लागत असेल, तर तेथील पकड सैल आहे. उन्हाळ्यात ॲम्प्लिफायरवरील प्रोटेक्टचा, म्हणजे दोष दाखवणारा दिवा लागला, तर आधी ॲम्प्लिफायर बंद करून थंड होऊ द्यावा. थंड झाल्यावरही दिवा राहिला, तर वूफरच्या वायर सोडवून पुन्हा सुरू करावे. दिवा विझला तर दोष कॉइलमध्ये किंवा ओहमच्या जोडणीत आहे, आणि विझला नाही तर ग्राउंड व बॅटरीचे व्होल्ट मोजल्यानंतरच यंत्र दुरुस्तीला न्यावे.