घरचा पीसीबी सोल्डर करायला बसण्याआधी काय काय तयार ठेवायचं

नवी मुंबईत ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर हे पक्कं धरा, पीसीबीचं (म्हणजे सर्किट बोर्डचं) तांबं उघडं पडायच्या आधी बाकीचं सगळं सामान टेबलावर पाहिजे. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की घासून चकचकीत केलेला बोर्ड नुसता ठेवला तरी काळवंडायला लागतो, बोटं लागली असतील तिथे तपकिरी डाग उठतात आणि मग सोल्डर धरतच नाही, गोळा होऊन बाजूला सरकतं.

म्हणून एचिंग (नको असलेलं तांबं रसायनात विरघळवणं) झाल्यावर ट्रॅकवर, म्हणजे उरलेल्या तांब्याच्या रेषांवर, असलेला टोनर (सर्किटची छापील शाई) लगेच पुसू नका, तोच फुकटचा कोट आहे. आधी भोकं पाडून घ्या, आयसी-रेझिस्टरला ०.८ आणि कनेक्टर, जाड पायांचे डायोड वगैरेंना १ मिमीचं ड्रिल, आणि पार्ट लावणार त्याच दिवशी थिनरने टोनर काढून स्क्रबरने हलकं घासा, नंतर तांब्याला बोट लावू नका, कडेने धरा.

आता रोझिन, म्हणजे राळ. खडा कुटून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये आदल्या रात्रीच विरघळवून ठेवा, कोऱ्या चहासारखा रंग आला की बास, जास्त घट्ट केलंत तर बोर्ड चिकट राहतो आणि धूळ बसते. ब्रशने एक पातळ हात मारायचा आणि पूर्ण सुकू द्यायचं, अल्कोहोल पेट घेतं त्यामुळे तोवर सोल्डरिंग आयर्न लावायचंच नाही. हाच थर तांब्याला हवेपासून वाचवतो आणि फ्लक्सचं, म्हणजे सोल्डर नीट धरायला मदत करायचं, कामही करतो. पाइप-पत्र्यासाठी मिळणारा अ‍ॅसिड फ्लक्स मात्र कितीही छान चिकटवत असला तरी नकोच, तो मागे राहून ट्रॅक खातो.

आयर्न २५ वॉटचं पुरतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चक्कर होणारच असेल तर ६३-३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डरची तार आणा, ती बरोबर १८३ अंशांना वितळते आणि तशीच पटकन घट्ट होते, जॉइंट हलून खराब व्हायची भीती कमी. खिडकी उघडी, पंख्याचा झोत थेट बोर्डवर नको, आणि तारेत शिसं असतं म्हणून हात धुतल्याशिवाय खाणं नाही.

शेवटच्या कोटसाठी अ‍ॅक्रिलिक लॅकरचा स्प्रे. पण आधी सर्किट चालवून बघा, अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने फ्लक्स काढा, खडखडीत वाळवा, नाहीतर ओल आतच कोंडते. कनेक्टर, प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर), सेन्सर यांवर टेप लावून दोन पातळ हात द्या.

आणि एचिंगचं उरलेलं फेरिक क्लोराइड प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, बेसिनमध्ये अजिबात ओतू नका, त्यात तांबं विरघळलेलं असतं.