उन्हाळी ट्रेकसाठी फुल बाह्यांचा हलका शर्ट कसा निवडावा

मार्च ते मे या काळात सह्याद्रीत सावली मिळेल असं धरून चालूच नये. पानगळ झालेली असते, गवत वाळलेलं असतं आणि दहा वाजल्यापासून कातळ तापायला लागतो. दुपारच्या सुमाराला अतिनील निर्देशांक ११च्या वर जातो. ही त्या मोजपट्टीवरची सर्वांत वरची पायरी. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि हातांना सनस्क्रीन एवढ्यावर भागवायला गेलं, तर सनस्क्रीन घामाबरोबर निघून जातं आणि चढणीच्या मध्यावर बॅग उतरवून ते पुन्हा लावायचा उत्साह कुणालाच नसतो. त्यामुळे फुल बाह्यांचा शर्ट हवाच. कोणता घ्यायचा, हे ब्रँडपेक्षा कापडाच्या विणीवर आणि आपण घाटाच्या कोणत्या बाजूला चालणार आहोत त्यावर ठरतं.

घाटावर की घाटाखाली?

घाम अंग गार करतो तो वाळताना. हवा कोरडी असेल तर तो भराभर वाळतो, दमट असेल तर नुसता निथळतो. साल्हेर-मुल्हेरच्या बाजूला एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतही नाही, बाहीवर मिठाचे पांढरे नकाशे तेवढे उमटतात. अशा ठिकाणी पातळ सुती शर्ट उत्तम. सूत घाम पितं आणि सावकाश सोडतं, आणि कोरड्या हवेत हा सावकाशपणा फायद्याचा ठरतो: कापड थोडा वेळ ओलसर राहतं, वारा लागला की गारवा मिळतो. थांब्यावर अर्धा कप पाणी पाठीवर आणि बाह्यांवर शिंपडलं तरी पुढची चढण सुसह्य होते. किल्ल्यावरच्या टाक्याचं पाणी यासाठी वापरायचं तर भांड्यात काढून बाजूला घ्यावं. शर्ट थेट टाक्यात बुचकळणारे महाभाग दिसतात, तेच पाणी मागून येणारा पिणार असतो.

वैशाखऱ्याहून नाणेघाट किंवा आसनगावहून माहुली चढताना गणित उलटं होतं. कोकणातल्या दमट हवेत सुती शर्ट लवकरच चिंब होतो आणि मग दिवसभर वाळत नाही. तो पाठीला चिकटतो, जड होतो, आणि बॅगच्या पट्ट्याखाली ओलं कापड घासून खांदे आणि बगला सोलवटतात. इथे पॉलिस्टर किंवा नायलॉनचा शर्ट घ्यावा. सुती धागा साध्या हवेतूनच आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरतो, नायलॉन चारेक टक्के, आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून घाम धाग्याच्या आत न मुरता कापडाच्या पृष्ठभागावर पसरतो आणि जी काही झुळूक येईल तिने उडून जातो. या दोघांत नायलॉन अंगाला मऊ आणि घासण्याला चिवट. पॉलिस्टर स्वस्त आणि जास्त लवकर वाळणारं, पण त्याला वास पटकन लागतो.

मे महिन्यात सार पाससारख्या हिमालयातल्या ट्रेकला जाणाऱ्यांनी सुती शर्ट फक्त प्रवासात घालावा. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यातला मोठा हिस्सा खालून परत फेकतो, आणि ढग आले की तासाभरात हुडहुडी भरते. ओलं सूत अंगावर असेल तर तेव्हा पंचाईत होते. तिथे उभ्या कॉलरचा पॉलिस्टर शर्ट किंवा पातळ मेरिनो लोकर बरी. खालून येणारं ऊन हनुवटीखाली आणि गळ्याला भाजतं, म्हणून कॉलर उभी राहणारी हवी.

होजिअरी नको, विणलेलं घ्या

दुकानात ‘ड्राय-फिट’ नावाने फुल बाह्यांचे जे टी-शर्ट मिळतात ते बहुतेक होजिअरीचे, म्हणजे फासे गुंतवून केलेल्या कापडाचे असतात. धावायला ते छान. सह्याद्रीत उन्हाळ्यात मात्र दोन गोष्टी त्यांचा घात करतात: करवंदाचे काटे आणि कुसळं. काटा होजिअरीत अडकला की धागा ओढला जाऊन लांब फास बाहेर येतो. कुसळाचं टोक फाशांमधून आत शिरतं आणि घरी येऊन धुतल्यावरही टोचत राहतं. उभ्या-आडव्या धाग्यांच्या घट्ट, गुळगुळीत कापडावरून कुसळ झटकलं की पडतं. कापडावर बारीक चौकटी दिसत असतील तर आणखी चांगलं. त्या चौकटींवर जाड धागा घातलेला असतो, त्यामुळे काट्याने पडलेलं भोक चौकटीपाशी थांबतं, फाटत पुढे जात नाही. कुसळांमुळेच कफला वेलक्रो असलेला शर्टही टाळावा. एका गवताळ पठारावरून गेलात की त्या वेलक्रोत कुसळांचा गालिचा तयार होतो आणि मग ते चिकटत नाही.

वजनाचा हिशोब जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधल्या वजनावर होतो. उन्हाळी शर्टाला १०० ते १३० जीएसएम योग्य. नेहमीचा सुती टी-शर्ट १६० ते १८०चा असतो, तो जड पडतो. ९०च्या खाली गेलात की वारा छान लागतो, पण ऊनही आत येतं. लेबलवर जीएसएम नसेल तर शर्ट तराजूवर टाकावा: मध्यम मापाचा शर्ट १५० ते २२० ग्रॅममध्ये बसायला हवा.

यूपीएफ हा कापड अतिनील किरणं किती अडवतं त्याचा आकडा. यूपीएफ ५० म्हणजे या किरणांचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे २ टक्के, आत येतो. यूपीएफ ३० असेल तर सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. या दोघांतला फरक व्यवहारात फारसा नाही, त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत. पातळ पांढरा सुती टी-शर्ट मात्र जेमतेम ५ ते ७ देतो आणि भिजल्यावर त्याहून कमी. लेबलवरचा आकडा साधारणपणे कोरड्या, न ताणलेल्या कापडाचा असतो हेही लक्षात ठेवा. अंगाला घट्ट बसणारा शर्ट खांद्यावर आणि कोपरावर ताणला जातो, विणीतली भोकं उघडतात, आणि नेमकी तिथेच त्वचा लाल होते. एक माप मोठा, साध्या लेबलचा शर्ट हा घट्ट बसणाऱ्या यूपीएफ ५०पेक्षा जास्त कामाला येतो.

दुकानात काय करून बघायचं

पहिली तपासणी उजेडाची. शर्टाच्या आत हात घालून तो दिव्यासमोर किंवा दारातल्या उजेडात धरा. बोटांचा आकार अंधूक कळला तर ठीक. नखं वेगळी मोजता आली तर शर्ट परत ठेवा.

मग कापड तोंडाला घट्ट धरून फुंकर मारा. दुसऱ्या बाजूला धरलेल्या तळहाताला हवा लागली पाहिजे. अजिबात लागत नसेल तर कापडावर लेप आहे किंवा वीण वाऱ्यासाठी बंद केलेली आहे, असा शर्ट चढणीवर भट्टी होतो. तिसरी तपासणी पाण्याच्या थेंबाची, दुकानदाराला विचारून आतल्या बाजूला करावी. थेंब काही सेकंदांत पसरला तर घामही पसरेल. मण्यासारखा तसाच उभा राहिला तर कापडाला पाणी अडवणारी प्रक्रिया केलेली आहे, ते पावसाळी जॅकेटला ठीक.

त्यानंतर शर्ट अंगात घालून बघा, शक्य असेल तर आपली बॅग बरोबर नेऊन. दोन्ही हात डोक्यावर सरळ वर करा, कड्यावर पकड घेताना करतो तसे. कफ मनगटाच्या हाडावरून फार वर सरकता कामा नये आणि शर्टाचा खालचा काठ बॅगच्या कमरपट्ट्यातून निसटून पोट उघडं पडता कामा नये. सरकत असेल तर बाही लहान आहे किंवा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खूप खाली कापलेला आहे. बगलेत चौकोनी तुकडा जोडलेला असेल तर हात मोकळा फिरतो आणि बगलेतली जाड शिवणही टळते. छातीच्या मापावर चार इंच लूझिंग पुरेसं, पाचही चालतं. कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळायला हवी, निम्मा गारवा तिथूनच मिळतो.

खांद्यावरची शिवण कुठे येते ते बोटाने चाचपा. बॅगच्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध जाड शिवण आली तर चार तासांनी तिथे वळ उठतो. योक, म्हणजे खांद्यावरून पाठीच्या वरच्या भागापर्यंत जोडलेला वेगळा तुकडा, असलेल्या शर्टात शिवण खांद्याच्या पुढे सरकलेली असते, ते बरं. छातीवरचा खिसा पट्ट्याखाली जात असेल तर तो असून नसल्यासारखा, आणि त्याचं बटण मात्र टोचतं. टिच बटणांचे शर्ट झटपट उघडतात म्हणून आवडतात, पण छातीवरचा पट्टा ओढला की तीच बटणं आपोआप सुटतात. साधी चपटी बटणं घ्या.

पाठीवरच्या योकखाली जाळी लावून ‘व्हेंटिलेशन’ म्हणून विकलेले शर्ट भरपूर दिसतात. पाठीवर बॅग चढली की ती जाळी झाकली जाते, म्हणजे पैसे वाया. वारा खरा लागतो तो पुढची बटणं उघडल्यावर, बगलेतून आणि कफमधून. म्हणून पुढून पूर्ण उघडणारा शर्ट चढणीला सोयीचा: खालची दोन आणि वरची दोन बटणं मोकळी सोडली की हवा खालून वर फिरते. टोपीवाला, डोक्यातून घालायचा शर्ट कान-मान छान झाकतो आणि उघड्या, वाऱ्याच्या डोंगरधारेवर तो सरस ठरतो, पण घाटाखालच्या दमट झाडीत घुसमट करतो. शर्टाच्या कॉलरला उभं करण्यापुरती पट्टी आणि मागे रुंदी हवी, नाहीतर मानेसाठी वेगळा पंचा बांधावा लागतो.

बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या शर्टांत कापड बरेचदा जास्त पातळ आणि बाही आखूड असते, उजेडाची तपासणी तिथे दुप्पट काळजीने करा. छातीवर बटणांमधली फट उघडत असेल तर वरचं माप घेऊन कंबर टेलरकडून आत घेतलेली बरी.

शिवून घ्यायचा तर

चांगला टेलर ओळखीचा असेल तर हा पर्याय रेडिमेडला सहज टक्कर देतो. ५८ इंची पन्ह्याचं १.६ मीटर कापड एका फुल शर्टाला पुरतं, ३६ इंची असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर. कोरड्या भागासाठी पातळ पॉपलिन निवडा. मलमल अंगाला सुखद, पण उन्हाला अडवत नाही, आणि सैल विणीची खादीही तशीच. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही आखूड होते. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी काठाचा एक धागा ओढून जाळून बघा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते, पॉलिस्टर आक्रसून त्याचा कडक मणी होतो. टेलरला चार गोष्टी सांगा: छातीला चार इंच लूझिंग, बाही नेहमीपेक्षा एक इंच लांब, बगलेत चौकोनी तुकडा, आणि कफला दोन बटणं म्हणजे तो सैल किंवा घट्ट करता येईल.

रंग

गडद रंग अतिनील किरणं जास्त अडवतो पण तापतोही, पांढरा पातळ कपडा तापत नाही पण किरणं आत सोडतो. घट्ट विणीचा फिका राखाडी, फिका खाकी किंवा आकाशी रंग हा मधला मार्ग. काळा रंग टाळण्याला आणखी एक कारण आहे. किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहळं असतात, आणि चवताळलेल्या माश्या गडद रंगावर जास्त धावून जातात. मोहळाच्या आसपास उग्र वासाचं अत्तर आणि डिओही नको. भडक निऑन रंग फोटोत उठून दिसतात, बाकी फारसा उपयोग नाही.

धुणं आणि टिकवणं

पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या शर्टाला कपडे मऊ करणारं द्रव्य कधीही लावू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम पसरणं बंद होतं. ‘नवा होता तेव्हा छान वाळायचा’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. घामट शर्ट पिशवीत कोंबून दोन दिवस ठेवला की वास धाग्यात मुरतो. मुरलाच तर अर्धी बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा. उलटा करून सावलीत वाळवा. शेकोटीजवळ बसताना मात्र सुती शर्ट घाला, कारण एक ठिणगी पडली तरी पॉलिस्टरला वितळून भोक पडतं.

कॉलरवर आणि कफवर गंजासारखे पिवळट-तांबूस डाग पडतात ते काही सनस्क्रीनमधल्या अ‍ॅव्होबेन्झोनमुळे. धुताना पाण्यातल्या लोहाशी त्याची प्रक्रिया होते, म्हणून बोअरच्या पाण्यात हे डाग जास्त दिसतात. ब्लीच घातलं तर ते आणखी गडद होतात. लिंबाचा रस आणि मीठ चोळून तासभर ठेवा, मग गार पाण्यात धुवा. रंगीत कापड असेल तर आधी आतल्या शिवणीवर लावून बघा.