नव्या गाडीचा फॉग लॅम्प बंद पडलाय? आधी वायर कापू देऊ नका

आजरा मागे टाकून आंबोलीकडे निघालं की जुलै महिन्यात दुपारी तीनलाही हेडलाइट लावावे लागतात. घाट सुरू व्हायच्या आधीच ढग रस्त्यावर उतरलेले असतात. अशाच एका दुपारी चहाला थांबलो, तेव्हा टपरीवाल्यानं सांगितलं, "दादा, डाव्या बाजूचा फॉग पेटत नाही तुमचा." फॉग म्हणजे पुढच्या बंपरमधला धुक्यासाठीचा दिवा. गाडी घेऊन जेमतेम आठ महिने झाले होते.

पुढं मी जे केलं ते तुम्ही करू नका. सर्व्हिस सेंटरची वेळ घ्यायचा कंटाळा केला आणि ओळखीच्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गाडी लावली. "बल्ब गेलाय. दोन्हीकडं एलईडीच टाकून देतो, पांढराशुभ्र उजेड!" वीस मिनिटांत काम झालं. कंपनीचा कपलर (बल्बला वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) नव्या बल्बला बसेना, म्हणून त्या पोरानं तो कापला, वायरी पिळल्या आणि वरून काळी टेप गुंडाळली. तीन आठवड्यांत दोन्ही लॅम्प बंद. सर्व्हिस सेंटरला बंपर उतरवला, अ‍ॅडव्हायजरनं त्या टेपचा फोटो काढला आणि शांतपणे म्हणाला, "वायरिंगला बाहेरचा हात लागलाय सर, हे आता वॉरंटीत बसणार नाही."

खरी मजा पुढंच आहे. काढलेले जुने बल्ब आणि कापलेले कपलर मी पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकले होते. तिथल्या मेकॅनिकनं दोन्ही बल्ब बॅटरीला लावून पाहिले, तर दोन्ही लख्ख पेटले. डाव्या कपलरच्या एका पिनेवर मात्र हिरवट थर चढला होता. कपलर पहिल्यापासून नीट बसलेला नसणार. त्याचा लॉक 'टक्' करून लागला नाही की पावसाचं पाणी आत शिरतं आणि तांब्याच्या पिना हिरव्या पडतात. पिना घासून साफ करून कपलर पुन्हा घट्ट बसवणं, एवढंच काम होतं.

नव्या गाडीत फॉग लॅम्प बंद पडला तर दोष बल्बमध्येच असेल असं धरून चालू नका. आठ महिन्यांत हॅलोजन बल्ब जाऊ शकतो, पण कपलर, अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्हची वायर), फ्यूज किंवा चालवणाऱ्याचा गैरसमज यांचा नंबर आधी लावा.

लॅम्प बंद आहे की लागलाच नाही?

बहुतेक गाड्यांत पार्किंग लाइट लावल्याशिवाय फॉग लॅम्प लागत नाही. काही गाड्यांत अप्पर मारला की तो आपोआप विझतो. आणि आजकाल बऱ्याच गाड्यांत कॉर्नरिंगची सोय असते: वेग कमी असताना स्टिअरिंग वळवलं किंवा इंडिकेटर दिला की त्या बाजूचा एकच फॉग लॅम्प पेटतो. आमच्या शेजारच्या काकांनी याच कारणासाठी शोरूममध्ये वाद घातला होता, "एक लागतो आणि दुसरा लागत नाही!" गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतलं दिव्यांचं पान आधी वाचा.

बल्बला दोष देण्याआधी अदलाबदल करा

एकच लॅम्प बंद असेल तर दोष त्या बाजूच्या बल्बमध्ये, कपलरमध्ये किंवा अर्थमध्ये असायची शक्यता जास्त. दोन्ही एकदम गेले असतील तर फ्यूज, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्यांचा करंट चालू-बंद करणारा डबीसारखा भाग) किंवा स्विच पाहा. डावीकडचा बल्ब उजवीकडं लावून बघा. तिथं पेटला तर बल्ब निर्दोष आहे आणि तुमचे पैसे वाचले. मग स्विच चालू ठेवून त्या बाजूच्या कपलरच्या पिनांवर मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावा. करंट येतोय तरी बल्ब पेटत नसेल तर गंजलेली पिन शोधा. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर धरल्यावर करंट दिसतो आणि कपलरच्याच दोन पिनांत दिसत नाही, असं झालं तर अर्थ तुटलाय.

एक सावधगिरी. नव्या गाड्यांत बरेच दिवे फ्यूजबरोबर एका कंट्रोल युनिटमधूनही चालवले जातात. शॉर्ट झालं की ते युनिटच त्या लाइनचा करंट बंद करतं. अशा वेळी फ्यूज शाबूत असतो, बल्ब शाबूत असतो, तरी अंधार. हे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय कळत नाही, तेव्हा तिथं हात आखडता घ्या.

फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज

ही चूक जुनी आणि अजूनही सर्रास होणारी. हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर घेतात. त्या लाइनला कंपनीनं दिलेला फ्यूज वायरीच्या जाडीकडं बघून ठरवलेला असतो. १५ चा उडतोय म्हणून ३० चा घातला तर पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी वायर जळेल. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर कुठंतरी वायर सोलली आहे. बंपरच्या कडेला आणि चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या मागं आधी पाहा. गाडीच्या नाकाला खरचटून बंपर रंगवून आणला असेल तर जास्तच पाहा, कारण बंपर परत चढवताना वायर दाबली जाते किंवा कपलर अर्धवट राहतो.

बल्ब बदलायचाच असेल तर

डावीकडच्या लॅम्पपर्यंत पोचायला स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं वळवा, म्हणजे चाकाचा पुढचा भाग आत सरकतो आणि कमानीत हात घालायला जागा होते. प्लास्टिकच्या क्लिपा स्क्रू ड्रायव्हरनं ओढून उचकटू नका. आधी मधली टाचणी वर काढायची, मग क्लिप सुटते. होल्डर पाव फेरा उलटा फिरवला की बल्ब बाहेर येतो. नव्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटनं पुसून घ्या.

बल्बचा प्रकार जुन्यावर छापलेला असतो, तोच आणा. एच८, एच११ आणि एच१६ दिसायला भावंडं आहेत, पण पहिला ३५ वॅटचा, दुसरा ५५ चा आणि तिसरा १९ चा. चुकीचा बल्ब बसू नये म्हणून त्यांच्या खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात. ती खाच ब्लेडनं तासून १९ च्या जागी ५५ चा बसवणारे महाभाग मी पाहिलेत. लॅम्पचा आतला भाग प्लास्टिकचा आहे, तो जवळजवळ तिप्पट उष्णता कशी झेलणार? आणि तुमच्या गाडीत कंपनीचाच एलईडी फॉग असेल तर त्यात सहसा सुटा बल्ब नसतो, पूर्ण लॅम्प बदलावा लागतो. त्यामुळे तिथं वॉरंटी फारच महत्त्वाची.

वाफ आणि पाणी यांत फरक आहे

पावसाळ्यात काचेच्या आतून धुरकट वाफ दिसली म्हणून घाबरू नका. लॅम्पला हवा खेळायला बारीक छिद्र ठेवलेलं असतं. लॅम्प लावून थोडा वेळ गाडी चालवली की वाफ विरते. एलईडी लॅम्प कमी तापतो, म्हणून तिथं जरा वेळ लागतो. पण थेंब ओघळताना दिसले किंवा तळाशी पाणी साचलं तर सील गेलंय किंवा लॅम्पला बारीक तडा आहे. काही जण बाहेरून सिलिकॉन फासतात. पाणी आतच कोंडतं, वॉरंटीचा दावाही अवघड होतो. फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा पाइप लॅम्पच्या फटीवर रोखून धरू देऊ नका, एवढं मात्र तुमच्या हातात आहे.

वॉरंटी आहे म्हणजे सगळं फुकट नाही

बल्ब आणि फ्यूज या झिजणाऱ्या वस्तू म्हणून बऱ्याचदा वॉरंटीबाहेर असतात. लॅम्प, वायरिंग आणि स्विच सहसा आत असतात. तुमचं मॉडेल खालच्या व्हेरियंटचं असून फॉग लॅम्प शोरूमनं नंतर बसवले असतील तर गोष्टच वेगळी: ती अ‍ॅक्सेसरी आहे, तिची वॉरंटी आणि तिचं बिल वेगळं. ते बिल शोधून ठेवा. दोष अधूनमधून येत असेल तर मोबाइलवर चित्रण करा, कारण सर्व्हिस सेंटरच्या दारात गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते. तक्रार तोंडी सांगून निघू नका, जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या. "लाइट प्रॉब्लेम" असं मोघम नको. "डावा फॉग लॅम्प पावसानंतर बंद होतो" असं लिहा.

पांढराशुभ्र उजेड

हॅलोजनसाठी बनवलेल्या लॅम्पमध्ये बाजारातला एलईडी किंवा एचआयडी (वायू भरलेला प्रखर बल्ब) घातला की उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण तो जागेवर पडत नाही. फॉग लॅम्पचं काम उजेड खाली आणि रुंद पसरवायचं आणि वरची कडा स्वच्छ कापायची. ती कडा फिसकटली की उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो आणि समोरून घाट चढणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांतही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. पिवळ्या उजेडाबद्दलही फार भ्रम आहेत. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगानं फारसा फरक पडत नाही. पिवळा काहींच्या डोळ्यांना सुखद वाटतो, एवढंच. काचेवर पिवळी फिल्म चिकटवून मात्र उजेड फक्त कमी होतो.

लॅम्प बदलल्यावर एक काम हमखास राहून जातं, ते म्हणजे उंची लावणं. सपाट जागेत गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. उजेडाची वरची कडा लॅम्पच्या मध्यापेक्षा १० ते २० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. बहुतेक लॅम्पला मागून किंवा खालून एक स्क्रू असतो, तो फिरवून कडा वरखाली करता येते. मी आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं दोन रेघा मारल्या होत्या. वॉचमनला वाटलं मुलांनी क्रिकेटचे स्टंप काढलेत, त्यानं दुसऱ्या दिवशी पुसून टाकल्या. तोवर माझे दोन्ही लॅम्प लागून झाले होते.