टॉवर बंद, तरी वावरात निरोप: लोरा मेश रेडिओ कसा उभारावा

वादळात लाइन गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. तेव्हा कामी येतं लोरा रेडिओचं मेश जाळं: कमी विजेवर लांब पोचणारे छोटे रेडिओ, जे एकमेकांचे निरोप पुढे देतात. यावर बोलता येत नाही, छोटे लेखी निरोप तेवढे जातात.

आधी हेल्टेक किंवा रॅक (RAK) कंपनीचा लोरा बोर्ड घ्या. सौर पॅनलवर कायम ठेवायचा तर रॅक बरा, वीज कमी खातो. बोर्ड आणि अँटेना दोन्ही ८६८ मेगाहर्ट्‌झचे हवेत, ४३३ चे नकोत. अँटेना लावल्याशिवाय चालू करू नका, ट्रान्समीटर जळू शकतो.

कॉम्प्युटरवर क्रोममधून मेशटॅस्टिक फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाका, फोनवरचं मेशटॅस्टिक ॲप ब्लूटूथने जोडा आणि रीजन 'आयएन' (IN, म्हणजे भारत) निवडा. तोवर बोर्ड काही पाठवतच नाही. आपल्याकडे ८६५ ते ८६८ चा पट्टा ठरलेल्या पॉवरपर्यंत विनापरवाना आहे. ॲपमधला परवानाधारकाचा पर्याय इथे लावू नका. तो हॅम, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्यांच्या, पट्ट्यांसाठी आहे: कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव) लावतो आणि एन्क्रिप्शन काढतो, कारण हॅमवर गुप्त मजकूर चालत नाही.

या जाळ्यात मुख्य केंद्र नसतं. निरोप ऐकणारा प्रत्येक बोर्ड तो पुढे ढकलू शकतो. मूळ सेटिंगमध्ये तीन टप्पे, जास्तीत जास्त सात. गंमत अशी की ज्याला सिग्नल क्षीण आला, म्हणजे बहुधा जो लांब आहे, तो आधी बोलतो. जवळच्याने तेच पुन्हा ऐकलं की तो गप्प बसतो. म्हणून ॲपमध्ये बोर्डाची भूमिका निवडताना घरोघरी 'राउटर' करायचा मोह आवरा. राउटर गप्प बसत नाही, मग हवेत नुसता गोंगाट. घरी 'क्लायंट' पुरे.

राउटर एकच, पण उंचावर. सपाट काळ्या रानात ग्रामपंचायतीला विचारून पाण्याच्या टाकीवर. मेळघाटात गाव दरीत असेल तर टेकडीच्या माथ्यावर. पॉवर वाढवण्यापेक्षा उंचीनेच जास्त फरक पडतो. अँटेना उभी ठेवा. बोर्ड-बॅटरीचा डबा पॅनलच्या सावलीत बांधा: साधा लिथियम सेल ४५ अंशांपुढे चार्ज करू नये म्हणतात, आणि आपला मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

निरोप २०० बाइटच्या आत बसवा. देवनागरीत अक्षर, काना, अनुस्वार, प्रत्येकाला तीन बाइट. 'मोटर बंद करा' एवढ्यालाच ३२ लागतात.

शेवटी दुसरा बोर्ड घेऊन धुऱ्याधुऱ्याने चाला आणि ॲपमधला 'ट्रेसराउट' दाबत राहा. निरोप कोणाकडून फिरून आला ते दिसतं. जिथे उत्तर येणं थांबेल, त्याच्या थोडं अलीकडे पुढचा बोर्ड बसवा.