विनिपेगमधल्या जुन्या बँक बिल्डिंगचा इतिहास कसा शोधायचा

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगला मेन स्ट्रीटवर चालताना ते मोठाले दगडी खांब दिसतात ना, तिकडे बघून बरेच जण विचारतात की ही बिल्डिंग कधीची, कोणाची, आणि इथे एवढ्या बँका का. मी हे गेली काही वर्षं हौसेने शोधतोय, त्यामुळे माझी पद्धत सांगतो, कॅनडाच्या कुठल्याही प्रेअरी (पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी भागातल्या) शहरात थोड्याफार फरकाने चालेल.

सगळ्यात आधी, बँकेच्या नावावरून सुरुवात करू नका, पत्त्यावरून करा. मी स्वतः इथेच चुकलो होतो. बँक ऑफ कॉमर्सची मेन स्ट्रीटवरची बिल्डिंग, पत्ता ३८९, आता तिला मिलेनियम सेंटर म्हणतात, तिचा म्हणून मी एक जुना फोटो सेव्ह करून ठेवला होता आणि चार लोकांना पाठवलाही. नंतर नीट बघितलं तर खिडक्या जुळेनात, मजले जुळेनात. तो फोटो त्याच जागेवरच्या आधीच्या बिल्डिंगचा होता, १९०० सालची. बँकेला दहा वर्षांतच ती लहान पडायला लागली म्हणून ती दगड दगड उतरवून रेल्वेने रेजायना या दुसऱ्या शहरात नेली आणि तिथे परत उभी केली! तिचा दर्शनी भाग आजही रेजायनाच्या कॉर्नवॉल सेंटर मॉलमध्ये बघता येतो. आणि विनिपेगला त्याच जागी १९१२ मध्ये आत्ताची बिल्डिंग उभी राहिली, डार्लिंग अँड पिअरसन या टोरंटोच्या आर्किटेक्ट्सची. म्हणजे बँक तीच, जागा तीच, पण बिल्डिंगी दोन.

उलटंही होतं. बिल्डिंग एकच पण नावं बदलत जातात, कारण त्या काळात बँका एकमेकींत विलीन होत होत्या. युनियन बँक १९२५ ला रॉयल बँकेत गेली, म्हणून ५०४ मेन स्ट्रीटच्या टॉवरला कोणी युनियन बँक टॉवर म्हणतं, कोणी रॉयल टॉवर. ३९५ मेनची हॅमिल्टन बिल्डिंग बँक ऑफ हॅमिल्टनची, आणि ती बँक १९२४ च्या सुरुवातीला कॉमर्समध्ये विलीन झाली. त्यामुळे वहीत आधी पत्ता लिहा, त्याखाली प्रत्येक नाव आणि साल असा कॉलम करा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

पत्ता मिळाला की हेंडरसन डिरेक्टरी उघडा. दरवर्षी निघायची, कोण कुठे राहतो, काय काम करतो, सगळं त्यात. जुन्या डिरेक्टऱ्या युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टाने स्कॅन करून ठेवल्यात, फुकट बघता येतात. त्यात नावांचा भाग सोडून रस्त्यांचा भाग काढा आणि आपला नंबर शोधा, मग पुढचं साल, मग त्याच्या पुढचं. कंटाळवाणं वाटेल पण खरी मजा इथेच आहे, कारण खाली बँक असली तरी वरच्या मजल्यांवर भाडेकरू असायचे, ते येतात, जातात, आणि एखाद्या साली तो नंबरच गायब असतो, म्हणजे तेव्हा पाडापाडी किंवा बांधकाम चालू असणार.

मग सिटी ऑफ विनिपेगच्या साइटवर जा. ज्या इमारतींना हेरिटेज दर्जा आहे त्यातल्या बऱ्याच जणींचे पत्त्यावार रिपोर्ट आहेत, आर्किटेक्ट, काँट्रॅक्टर, नंतर केलेले बदल, सगळं. मॅनिटोबा हिस्टॉरिकल सोसायटीचा ऐतिहासिक जागांचा नकाशाही बघा. आणि दोन ठिकाणी सालं वेगळी दिसली तर घाबरू नका, एकाने परमिटचं साल धरलेलं असतं, दुसऱ्याने उद्घाटनाचं, त्यामुळे दोन्ही लिहून ठेवा.

आता "एवढ्या बँका का" याचं उत्तर गव्हात आहे. १८८० च्या दशकात कॅनडियन पॅसिफिक रेल्वे आली, १८८७ ला ग्रेन एक्स्चेंज, म्हणजे धान्याचा बाजार, सुरू झालं, आणि पश्चिमेचा सगळा गहू विनिपेगवरून जायला लागला. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याला रोख द्यायची, पण गहू विकला जाऊन पैसा परत यायला वेळ, ती मधली सोय बँकांची. हेड ऑफिसं लांब माँट्रियल, टोरंटोला, म्हणून इथे भक्कम, भारदस्त शाखा बांधायची स्पर्धा लागली, कारण लोकांना दगड बघून भरवसा वाटायचा. १९०१ ला शहराची लोकसंख्या ४२,३४० होती, १९११ ला १,३६,०३५! हे आकडे डोक्यात ठेवून ते खांब बघा, मग त्यांची उंची समजते.

प्रत्यक्ष बघायला जाताना आधी समोरच्या फुटपाथवरून बघा, जवळून फक्त दरवाजा दिसतो. पोर्टेज आणि मेनचा चौक १९७९ पासून पायी ओलांडायला बंद होता, तो जून २०२५ मध्ये उघडला, त्यामुळे तिथली बँक ऑफ माँट्रियलची १९१३ ची बिल्डिंग आता सगळ्या कोपऱ्यांवरून आरामात बघता येते. न्यूयॉर्कच्या मॅकिम, मीड अँड व्हाइटचं काम आहे. बाहेर पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाचा पुतळा आहे, १९२३ चा, शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर, त्याच्या चेहऱ्याशी दोन मिनिटं थांबाच.

आतून बघायचं असेल तर मे महिन्यातल्या डोअर्स ओपनवर लक्ष ठेवा, एरवी बंद असलेल्या जुन्या बिल्डिंगी तेव्हा उघडतात. माझे बाबा आयुष्यभर बँकेत होते, त्यांना मी मिलेनियम सेंटरला नेलं. वर रंगीत काचेचा घुमट, सगळे माना वर करून फोटो काढत होते, आणि बाबा मात्र संगमरवरी काउंटरवर हात फिरवत म्हणाले, "कॅशियर इथे उभा राहणार, मग स्ट्राँगरूम कुठंय रे?" तेव्हापासून मीही बँक बघताना पैसा कुठून आत यायचा, कुठे मोजला जायचा, कुठे ठेवला जायचा त्या वाटेने बघतो. तुम्हीही तसंच बघा, घरात कोणी बँकेतलं असेल तर त्यांना बरोबर घ्या.

शेवटची नोंद आजची करा, ती लोक विसरतात. ५०४ नंबरच्या टॉवरमध्ये आता रेड रिव्हर कॉलेज पॉलिटेक्निकचे विद्यार्थी स्वयंपाक शिकतात आणि वर होस्टेल आहे. पोर्टेज-मेनची बँक ऑफ माँट्रियल २०२० मध्ये मॅनिटोबा मेटी फेडरेशनने (मेटी म्हणजे इथले मूळ रहिवासी आणि युरोपियन यांच्या मिश्र वंशाचे लोक) विकत घेतली, तिथे रेड रिव्हर मेटी लोकांचं हेरिटेज सेंटर करण्यासाठी. १८६९-७० मध्ये मेटी नेता लुई रिएलचं हंगामी सरकार जिथे बसायचं तो अप्पर फोर्ट गॅरी किल्ला तिथून चालत दहा मिनिटांवर आहे, त्याचं जुनं दगडी गेट अजून उभं आहे, तेही त्याच दिवशी बघून घ्या.