हिमसंध्येची कविता आधी कानाने वाचावी

अमेरिकी कवी रॉबर्ट फ्रॉस्टची ‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’ ही इंग्रजी कविता समजून घेताना अर्थाकडे लगेच वळू नये. ती आधी दोनदा मोठ्याने म्हणावी, कारण तिच्यातला बराचसा भाव यमकांतूनच घडतो. प्रसंग साधा आहे: वर्षातल्या सर्वांत काळोख्या संध्याकाळी घोड्यासह निघालेला एक माणूस दुसऱ्याच्या मालकीच्या रानापाशी थांबतो आणि त्यात साचत जाणारे बर्फ पाहत राहतो.

मग प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द वहीत लिहून काढावा. पहिल्या कडव्यात ‘नो, दो, हिअर, स्नो’ हे शब्द मिळतात, म्हणजे तिसरी ओळ एकटी पडते. आपल्या ओवीतही पहिले तीन चरण जुळतात आणि चौथा मोकळा सुटतो, पण तो मोकळाच राहतो. इथे मात्र एकट्या ‘हिअर’ला पुढच्या कडव्यात ‘क्विअर, निअर, इयर’ येऊन मिळतात आणि तिथे एकट्या उरलेल्या ‘लेक’ला तिसऱ्या कडव्यात ‘शेक, मिस्टेक, फ्लेक’ मिळतात. माणूस थांबलेला असला तरी कविता थांबत नाही, ती या साखळीमुळे. शेवटच्या कडव्यात ‘डीप, कीप, स्लीप, स्लीप’ अशा चारही ओळी जुळतात, पुढे नेणारी सुटी कडी उरत नाही आणि साखळी मिटते.

प्रतिमांसाठी दिसणारे आणि ऐकू येणारे असे वेगवेगळे टिपावे. रान, गोठलेले तळे आणि अंधार दिसतात, पण रंगाचे नाव कुठेच येत नाही; बर्फालाही पांढरे म्हटलेले नाही. घोडा साजाच्या घंटा हलवतो आणि त्या आवाजानंतरच मंद वाऱ्याची, पिसासारख्या हिमकणांची सळसळ ऐकू येते. शांतता जाणवते ती या घंटांमुळे. (ही कविता १९२२ च्या जूनमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात लिहिली गेली, हे मला फार महत्त्वाचे वाटते: हा हिवाळा आठवणीतून आला आहे.)

भाववृत्तीसाठी एका स्वल्पविरामाकडे लक्ष द्यावे. शेवटच्या कडव्याची पहिली ओळ फ्रॉस्टच्या हयातीत ‘द वुड्स आर लव्हली, डार्क अँड डीप’ (रान सुंदर, काळोखे आणि गहन आहे) अशी छापली गेली; तिच्यात या तीन विशेषणांमध्ये ‘लव्हली’नंतरच स्वल्पविराम आहे, त्यामुळे काळोख आणि गहनता हाच रानाच्या सौंदर्याचा खुलासा ठरतो, १९६९ च्या संपादित आवृत्तीत ‘डार्क’नंतर आणखी एक स्वल्पविराम घातला गेला आणि तिन्ही विशेषणे नुसती शेजारी उभी राहिली. मला मूळ पाठच योग्य वाटतो, कारण त्या काळोखाची ओढ आणि पुढच्याच ओळीत त्या माणसाला आठवणारी, दिलेली वचने यांमधला ताण हाच या कवितेचा भाव आहे. ती मृत्यूची कविता आहे असे आधीच ठरवून वाचले, तर हा ताण हातून निसटतो.

शेवटची ओळ, ‘अँड माइल्स टू गो बिफोर आय स्लीप’ (झोपण्याआधी अजून कित्येक मैल जायचे आहे), दोनदा येते. पहिल्यांदा ती पुढचे मैल मोजल्यासारखी म्हणावी, दुसऱ्यांदा आवाज उतरवून सावकाश म्हणावी, आणि शब्द तेच असूनही दुसऱ्या वेळी ‘झोप’ रात्रीच्या झोपेपुरतीच उरते का, हे तेव्हा ठरवावे.