लाइट गेली की हॉलमध्ये समुद्र (माझा अनुभव)

४ बाय २ बाय २ फुटांची खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी, खाली कॅबिनेटमध्ये सम्प, म्हणजे पाणी गाळणारी दुसरी टाकी; तिथून पंप पाणी वर परत पाठवतो. वळवाच्या पावसात लाइट गेली, पंप थांबला आणि सम्प भरून पाणी थेट लाद्यांवर. खारं पाणी कितीही पुसा, पांढरे डाग उरतातच.

कारण साधं होतं. रिटर्न पाइपचं (सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या पाइपचं) तोंड टाकीत ६ इंच खोल सोडलेलं. पंप बंद पडला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढत राहतो. या मापात १ इंच म्हणजे जवळपास १९ लिटर. पुढचा हिशोब तुम्हीच करा.

दुकानदार म्हणाला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावा. माझा त्यावर भरवसा नाही; चुन्याचा थर बसला किंवा एखादी गोगलगाय अडकली की झडप नीट मिटत नाही. त्याऐवजी तोंड इंचभर खोलीवर आणलं आणि पाण्याच्या रेषेच्या जरा खाली पाइपला बारीक भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते, सायफन तुटतो. भोक मात्र अधूनमधून टूथब्रशने घासायचं, जांभळट कोरलाइन शेवाळ ते बुजवून टाकतं.

मग मुद्दाम स्विच बंद करून बघितलं. पाणी काठाच्या आत थांबलं, तेव्हा पंप चालू असतानाच्या पातळीवर सम्पला मार्करने खूण केली. बाष्पीभवनाची भर त्या खुणेपर्यंतच, तीही आरओच्या पाण्याने, कारण मीठ काही उडून जात नाही. इन्व्हर्टरवर सध्या फक्त वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा पंखा) आहे. माशांना आधी प्राणवायू, पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचं नंतर बघू.